संत्र्या-लिंबाची जिन, मापात

काटा दारू आणायला निघालाय, ही बातमी तो जिना उतरायच्या आधीच खाली फाटकापाशी पोचली होती. यात नवल काही नाही. त्या इमारतीच्या भिंती इतक्या पातळ की एका घरात कुणी शिंकलं तर शेजारच्या घरातून रुमाल यावा.

काटा हे त्याचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे, हे सांगायला नको. तो वजनमाप खात्यात निरीक्षक होता. दुकानादुकानांतून तराजू तपासायचे, मापं तपासायची, बरोबर असतील तर शिक्का मारायचा, नसतील तर जप्त करायची, हा त्याचा जन्मभराचा उद्योग. कचेरीचा उद्योग कचेरीत ठेवून घरी यावं एवढी अक्कल काही लोकांना असते, ह्याला नव्हती. फळवाल्यापुढे तो नुसता उभा राहिला तरी फळवाला घाबरून एक फळ जास्तीचं टाकायचा, आणि हा ते फळ उचलून परत टोपलीत ठेवायचा, कारण जास्त म्हणजेसुद्धा चूकच. असा माणूस कुणाला आवडेल? लोक त्याला काटा म्हणू लागले, आणि कहर म्हणजे त्याला ते कौतुकच वाटलं.

आता तुम्ही विचाराल, ज्या माणसाने सर्दीच्या औषधापलीकडे आयुष्यात काही चढणारं घेतलं नाही, त्याला जिन कशाला हवी होती? तर बायकोसाठी. आणि इथेच हसण्यासारखं संपतं, निदान काही वेळापुरतं.

बायकोला ताप आला होता. साधाच, चारचौघांना येतो तसा. त्यातून ती उठली तेव्हा तिचं नाक गेलं होतं. म्हणजे होतं जागेवर, पण कामावरून गेलं होतं. वास येईना, आणि वासाबरोबर जिभेनेही राजीनामा दिला. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी आत बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले, “नस दुखावली आहे. येईल चव परत. किंवा नाहीसुद्धा येणार. उग्र वास घेत जा, लिंबाची साल, कॉफी, असं काहीतरी. प्रयत्न सोडायचा नाही.” एवढं बोलून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

या बाईच्या हाताला चव होती. असं म्हणायची रीत आहे म्हणून म्हणत नाही, खरोखरच होती. नुसतं कांद्याचं सूप केलं तरी वरच्या मजल्यावरची माणसं काहीतरी निमित्त काढून खाली यायची. आणि आता ती डाव हातात धरून नवऱ्याला विचारायची, “मीठ कसं झालंय?” आपला हा सत्यवचनी काय सांगणार? “अंमळ जास्त.” दुसऱ्या दिवशी, “अंमळ कमी.” तिसऱ्या दिवशी, “कालच्यापेक्षा बरं, पण बरोबर नाही.” त्याला वाटायचं, आपण मदत करतोय. अरे माणसा, बायको मीठ विचारत नव्हती, धीर मागत होती! पण हे त्याला कोण सांगणार? एक दिवस तिने डाव अगदी हळूच ओट्यावर ठेवला आणि पुन्हा काही विचारलं नाही.

तेव्हापासून त्या घरात अन्न शिजायचं, स्वयंपाक व्हायचा नाही. भाज्या उकडलेल्या, भात उकडलेला, अंडी उकडलेली. टेबलाच्या मधोमध मिठाची बाटली, ज्याने त्याने आपापलं घ्यावं. तिने आदळआपट केली असती, दोन भांडी फेकली असती, तरी त्याला बरं वाटलं असतं. पण ती आतल्या खोलीत खिडकीशी, स्वयंपाकघराकडे पाठ करून बसायची. कॉफीची डबी, लिंबाच्या साली, लवंगा, सगळं तिने एक दिवस मुकाट्याने कचऱ्यात टाकून दिलं.

आणि मग एका संध्याकाळी, ताटल्या विसळता विसळता ती म्हणाली, “भाचीच्या लग्नात, त्या हॉटेलात, तिने माझ्या हातात एक ग्लास दिला होता. आठवतं?”

“सरबताचा.”

“सरबत कसलं डोंबलाचं! जिन होती त्यात. संत्रं, लिंबू आणि जिन. पहिले दोन घोट मी सरबत समजून घेतले.”

“आणि मग?”

“तिसरा समजून उमजून घेतला.” तिने नळ बंद केला. “पुढच्याच आठवड्यात ताप आला. म्हणजे मला नीट लागलेली शेवटची चव ती. ती एकदा घेऊन बघावी म्हणते. लागली तर लागली.”

“आणि नाही लागली तर?”

“तर मग नाही. मग पुन्हा हा विषय नको. मीही काढणार नाही, तुम्हीही काढू नका.”

हे ती अगदी शांतपणे बोलली. जप्तीच्या कागदावर सही करताना दुकानदाराचा जो आवाज होतो ना, सगळं संपल्यावरचा, तसा तिचा आवाज होता. त्याने ठरवलं, जिन आणायची. नुसती आणायची नाही, भाचीच्या लग्नात होती तशीच, तंतोतंत करायची.

तंतोतंत करायची म्हणजे कृती हवी. म्हणून तो वरच्या मजल्यावर कप्तानांकडे गेला. कप्तान हे कप्तान नव्हते. ते बोटीवर कोठाराचे कारकून होते. पण निवृत्त झाल्यावर माणूस स्वतःला बढती देतो, त्याला कोण अडवणार?

“सोप्पं आहे,” कप्तान आरामखुर्चीत रेलून म्हणाले. “जिन घ्यायची, बरीचशी. संत्र्याचा रस, बेताचा. लिंबू, चवीपुरतं. साखर, मनाला येईल तेवढी. बर्फ घालून हलवायचं.”

“बरीचशी म्हणजे किती?”

“म्हणजे... अशी.” कप्तानांनी हवेत मनगट वाकवलं.

“आणि बेताचा म्हणजे?”

कप्तानांनी पुन्हा मनगट वाकवलं, जरा कमी. काट्याने वही मिटली. ज्या जगात ‘बेताचा’ हे माप आहे त्या जगात दुकानदार गबर होतात आणि गिऱ्हाईक मरतं, असं त्याचं स्पष्ट मत होतं. पण ते त्याने गिळलं आणि विचारलं, “तुमच्याकडे जिन आहे का थोडी?”

“छे छे!” कप्तान आतल्या दाराकडे बघत मोठ्याने म्हणाले. “मी सोडली! सूनबाई घरात आली तेव्हापासून थेंब नाही!” आतून बांगड्यांचा आवाज आला आणि लांब गेला.

जिन्यात समोरच्या काकू उभ्याच होत्या. काट्याने दारूबद्दल चौकशी केली हे त्यांना कसं कळलं ते विचारू नका. भिंतींचं मी सांगितलंच आहे. “भावोजी,” त्या डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, “घरात नीट जेवण मिळत नाही हे आम्हाला दिसतं हो. पण म्हणून बाटलीला लागायचं? आमच्याकडे येत जा की जेवायला. वहिनींना नाही काही कळू देणार.”

“काकू, ही तिच्यासाठीच आहे.”

काकूंचा पदर डोळ्यावरून तोंडावर गेला. संध्याकाळपर्यंत इमारतीत दोन पक्ष झाले होते: एकाच्या मते काटा पिऊ लागला होता आणि दुसऱ्याच्या मते त्याची बायको. दोन्ही पक्ष जिन्यात त्याला वाट करून देताना खाली मान घालत. इतकी वर्षं ताठ मानेने चढलेला जिना त्याला पहिल्यांदाच लांब वाटला.

तर असा तो दारूच्या दुकानात गेला. तिथे गर्दी होती. दुकानदार काउंटरमागे उभा होता. त्याने काट्याला पाहिलं, आणि जन्मभर तराजू न वापरलेला तो माणूस आधी तराजू कुठाय म्हणून इकडेतिकडे बघू लागला.

“एक जिनची बाटली,” काटा हळूच म्हणाला.

“साहेब, काय चुकलं आमचं?”

“काही चुकलं नाही. मला विकत हवी आहे. घरी न्यायला.”

“घरी,” दुकानदार म्हणाला आणि कपाळावरचा घाम पुसत हसला. “साहेब, परवाच्या व्यापाऱ्यांच्या सभेत तुम्हीच नाही का सांगितलंत? निरीक्षकाने दुकानात काहीही मागितलं, तर तो तपासणीचा नमुना समजा. साक्षीदारांशिवाय देऊ नका. निरीक्षक मित्र असो, पाहुणा असो, सख्खा भाऊ असो. हेच शब्द होते तुमचे. आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या.”

सांगितलं होतं खरं. टेबलावर मूठ आपटून सांगितलं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुठे करणार?

“अहो, हे खाजगी आहे हो,” काटा कळवळून म्हणाला.

“खाजगी!” रांगेतला एक लठ्ठ माणूस म्हणाला. “म्हणजे कुंपणच शेत खाणार!”

“मी होतो साक्षीदार,” दुसरा म्हणाला. “मला वेळ आहे.”

“मीपण!” तिसरा म्हणाला. एरवी रस्त्यात माणूस पडला तरी साक्ष द्यायला कुणी थांबत नाही, पण इथे साक्षीदारांची रांग लागली. काट्याने पैसे पुढे केले तर दुकानदाराने हात मागे घेतले. न देता बाटली उचलावी तर ती लाच. काही न घेता निघून जावं तर साक्षीदार म्हणणार, साहेब दबले. शेवटी त्याने खिशातून कोरा कागद काढला आणि स्वतःच्या बायकोच्या औषधाचा रीतसर पंचनामा केला. बाटलीला दोरा बांधला, लाख लावली, त्यावर खात्याचा शिक्का उमटवला. दुकानदाराने सही करताना आदराने विचारलं, “साहेब, आमच्यावर कुणी तक्रार केली?” साहेबांनी लाखेवर फुंकर घातली.

ती लाख लावलेली बाटली घरी नेणं म्हणजे सरकारी मालाची चोरी. म्हणून दुसऱ्या दिवशी ती कचेरीत जमा झाली. मोठ्या साहेबांनी ती उजेडात धरून फिरवली. “फार वर्षांनी काहीतरी चांगलं पकडलंत,” ते म्हणाले. काट्याने सगळी हकीकत सांगितली, बायकोच्या नाकासकट. मोठ्या साहेबांना खरंच वाईट वाटलं. माणूस चांगला होता, पण खुर्ची खुर्चीच असते. “नमुना परत देता येत नाही हो. माप तपासायचं आणि माल नष्ट करायचा. तुम्हाला मी काय नियम सांगणार?”

माप तपासलं. काचेच्या नळकांड्यात जिन अगदी रेघेला रेघ भरली. इतकं बरोबर माप त्या कचेरीत कित्येक वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. मग नष्ट करायची वेळ आली. “ठेवा इथेच, मी बघतो,” असं मोठे साहेब म्हणाले, शेजारच्या टेबलावरचे दोघेही बघायला तयार होते, पण काटा तो काटाच. त्याने बाटली उचलली, हात धुवायच्या बेसिनपाशी गेला आणि स्वतःच्या हाताने ओतली. सगळी कचेरी मागे उभी होती, कुणाला पोचवायला आल्यासारखी.

ओतता ओतता वास वर आला. ओल्या झाडाचा, सालीचा, गार पहाटेचा असा काहीतरी वास. काट्याने आयुष्यात वासाकडे कधी लक्ष दिलं नव्हतं, कारण वास मोजता येत नाही. पण आज तो वास घेत उभा राहिला. हा वास तिच्यापाशी जायला हवा होता, आणि तो गटारात चालला होता, नियमाने.

त्या शहरात त्याला दुसरं दुकान उरलं नव्हतं. तपासणीची लाट आलीय अशी हूल उठली आणि दारूच्या दुकानांची शटरं निम्मी खाली आली. शिपायाला पाठवणं म्हणजे पदाचा दुरुपयोग, म्हणून तेही नाही. तो घरी येऊन बसला.  बायकोला वाटलं, विसरला. पुरुष विसरतात. तिने त्याच्यासमोर उकडलेला बटाटा ठेवला आणि खिडकीशी जाऊन बसली. 

इतक्यात दारावर टकटक झाली. कप्तान होते. कमरेला गरम पाण्याची लाल रबरी पिशवी बांधलेली, वरून शाल. “कंबर फार दुखते,” ते जिन्याला ऐकू जाईल असं म्हणाले, आत आले, दार लावलं आणि पिशवी सोडून टेबलावर ठेवली. पिशवी गार होती.

“जिन,” कप्तान कुजबुजले. “सूनबाई सगळी कपाटं बघते, पण सासऱ्याच्या कंबरेला हात लावणार नाही. ऐकलं मी सगळं, बेसिनचंही. वेडा आहेस तू. घे. पिशवी तेवढी परत दे.”

 कप्तानांचा हात काट्याने दोन्ही हातांत धरला, आणि पहिल्यांदाच किती मिळालं ते मोजलं नाही.

पण पुढची कामं मात्र त्याने मोजूनच केली. घरातली जुनी पितळी मापं धुऊन घेतली. संत्री तोलली, लिंबं तोलली. रस काढायला यंत्र नव्हतं, तर सोललेल्या-न सोललेल्या फोडी सगळ्या फडक्यात बांधून त्यावर लोखंडी वजन ठेवलं, त्यावर दुसरं, आणि तेवढ्यानेही भागेना म्हणून स्वतः त्यावर जोर दिला. लिंबाची पिचकारी थेट डोळ्यात गेली. वजन सटकून पायावर आलं. तो एका पायावर नाचत, एक डोळा मिटून, ओरडायचं नाही म्हणून ओठ चावत उभा राहिला, कारण ओरडला असता तर काकू आल्या असत्या. मग त्याने सगळं मापाने एकत्र केलं, बर्फ घातला, बरणीत भरून हलवलं, आणि ग्लास घेऊन आतल्या खोलीत गेला.

“अगं,” तो म्हणाला. “झालीय.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. एक डोळा लाल, पाय लंगडा, शर्टभर साली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. ती उठली, स्वयंपाकघरात आली, खुर्चीवर बसली. ग्लास नाकापाशी धरला, बराच वेळ. मग एक घोट घेतला. तोंडात फिरवला. गिळला.

काटा उभा होता. इतकी वर्षं त्याच्या निकालाची वाट बघत दुकानदार कसे उभे राहात असतील, ते त्याला त्या क्षणी कळलं.

“गार आहे,” ती म्हणाली. “ओलं आहे. बाकी काही नाही.”

तिने ग्लास खाली ठेवला. “राहू दे. खूप केलंत तुम्ही.” आणि ती उठू लागली.

त्याला रडू आलं. रडू लपवायचं म्हणून त्याने तिचाच ग्लास उचलला आणि एक मोठा घोट घेतला. मग जे त्याच्या तोंडाचं झालं ते सांगण्यासारखं नाही. भुवया वर गेल्या, गाल आत गेले, जीभ बाहेर आली, लाल डोळ्यातून घळाघळा पाणी वाहिलं.

ती अर्धवट उठलेली तशीच थांबली. “अहो, काय झालं? काय लागतंय?”

“रबर,” तो कसाबसा म्हणाला.

“काय?”

“रबर! कप्तानांच्या कमरेचं!”

मग सगळं सांगावं लागलं. पिशवी, पंचनामा, लाख, बेसिन, जिन्यातले दोन पक्ष. ऐकता ऐकता ती हसायला लागली. तोंडाला पदर लावून हसली, मग पदर सोडून हसली, आणि हसता हसता तिचा बांध फुटला. टेबलावर डोकं ठेवून ती हमसून हमसून रडली. काट्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. किती वेळ ते त्याने पाहिलं नाही.

मग ती नाक पुसत म्हणाली, “रबराच्या खाली काय लागतं?”

“आंबट.”

“आंबट सगळंच असतं हो. कसं आंबट? कुठे लागतं?”

हे त्याला कुणी कधी विचारलं नव्हतं. त्याने पुन्हा घोट घेतला आणि डोळे मिटले. “आधी जिभेच्या कडांना झोंबतं. मग जातं. मग मागाहून घशाशी कडू येतं, आणि तिथेच बसून राहतं.”

“सालीसकट पिळलंत?”

“वजन ठेवून.”

“देवा!” ती म्हणाली आणि पदर खोचला. “सरका तिकडे. पांढरी साल कडू असते, एवढंही माहीत नाही? द्या ते संत्रं.” आणि ती ओट्याशी उभी राहिली. रस नव्याने काढला, हाताने, हलका. रबरावर उपाय म्हणून संत्र्याच्या सालीचा नुसता वरचा केशरी पापुद्रा खरवडून टाकला. साखर घातली. कडूपणा मरायला चिमटीभर मीठही घातलं. प्रत्येक वेळी चमचा त्याच्या तोंडाशी. “आता?” तो सांगायचा. “आता?” तो सांगायचा.

चमच्याचमच्याने का होईना, जिन ती जिनच. आयुष्यात कधी न घेतलेल्या माणसाला ती हळूहळू भिनत गेली, आणि काट्याची जीभ सुटली. “आता बरं आहे” वरून तो “आता उन्हात वाळलेल्या चादरीत तोंड खुपसल्यासारखं” इथवर आला. मग म्हणाला, “आता गोड आधी येतं, आंबट त्याच्या मागून, बोट धरून.” ती हातातलं काम थांबवून ऐकत राहिली. हा माणूस इतकं बोलू शकतो हे तिला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. त्यालाही नव्हतं.

“झाली,” तो शेवटी म्हणाला. “आता काही करू नकोस. हीच ती.”

दारावर टकटक झाली. “पिशवी!” बाहेरून कप्तान कुजबुजले. दोघांपैकी कुणी उठलं नाही.

तिने एक ग्लास त्याच्या हातात दिला, एक स्वतः घेतला. दिवा लावायचा राहिला होता. खुर्च्या जवळ ओढून दोघं बसली.

“तुम्ही प्या आणि सांगा,” ती म्हणाली. “मी पिते.”

त्याने घोट घेतला आणि सांगू लागला, सावकाश, एक शब्द शोधून, मग दुसरा. तिने डोळे मिटले होते. तो सांगायचा आणि ती घोट घ्यायची. मधेच त्याला राहवलं नाही. त्याने भीत भीत विचारलं, “लागतंय काही?”

“नाही,” ती म्हणाली. “पण थांबू नका.”